टेबलाखालची दहीसाखर

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं तेव्हाही पटत नव्हतं. ही वही कोणी वाचायची नाही (वाचत असाल तर आत्ता मिटा!). पण घडलं ते लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायला गेलं की मला लाज वाटते आणि ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही.

तर, माझ्यामुळे माझी सून परीक्षेत कॉपी करताना पकडली गेली.

आमची वृषाली लग्न होऊन न्यू जर्सीत आली तेव्हापासून घरातच अडकली होती. आधी कामाचा व्हिसा नव्हता, मग लेक लहान होती. आता लेक शाळेत रमली, तेव्हा हिने ठरवलं, दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देतात ना, तो कोर्स करायचा. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. तिथे आधी चाचणी घेतली, आणि त्यात गणित कच्चं निघालं. मग म्हणाले, आधी पायाचं बीजगणित शिका. त्याचे मार्क कशातच धरत नाहीत, पण ते पास झाल्याशिवाय पुढे सोडतही नाहीत! आणि उन्हाळ्याच्या आत पास झाली नाही, तर दातांच्या कोर्सची जागा गेली.

दहावीला गणितात काठावर सुटलेली पोर ती. वही उघडली की तिचे हात गार पडायचे. माझा मुलगा निखिल इंजिनिअर. तो शिकवायला बसायचा आणि पाचव्या मिनिटाला म्हणायचा, "अगं, इट्स सो सिंपल यार!" की ही वही मिटायची. मग मीच तिच्यासमोर भाजी निवडत बसायला लागले. मला त्यातलं शून्य कळत होतं, पण मी "सिंपल" म्हणत नव्हते.

"आज एक्स किती आला गं?"

"उणे सात, आई."

"उणे? म्हणजे नव्हताच?"

"होता. पण उणे."

"बरं बाई. सापडला ना, मग झालं."

असं करत करत शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचलो. (पोचलो म्हणते. भाजी माझीही होतीच की!)

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर; गणितं कागदावर सोडवायची आणि शेवटी त्याचे फोटो पाठवायचे. वृषालीने मला नीट समजावलं होतं. कॅमेरा चालू राहणार, परीक्षेआधी सगळी खोली कॅमेऱ्याला फिरवून दाखवायची, आत दुसरं कोणी नको, आवाज नको, ती उठणार नाही. मी मान डोलावली. लपण्याच्या कामात मला शिकवायची गरज नाही. दाराची घंटा वाजली की मी कपड्यांच्या मशीनमागे जाऊन उभी राहते. शेजारच्या काकू मला अजून निखिलची कल्पनाच समजत असतील.

सकाळीच मी दह्याची वाटी तयार ठेवली होती. परीक्षेला निघालेल्या माणसाच्या हातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही. मी वाट बघत बसले, ही चपला घालेल, दारापर्यंत येईल, मग देईन. आणि तिने काय केलं? स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली उचलली आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं! परीक्षा घरातच असली की माणूस निघतो कधी, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

वाटी माझ्या हातात तशीच. मला आठवलं, दहावीच्या गणिताच्या पेपराला तिची आई माहेरी गेली होती, कोणी दहीसाखर दिली नव्हती, हे वृषालीनेच एकदा हसत सांगितलं होतं. पेपर झाल्यावर देऊन काय उपयोग?

मग मी डोकं चालवलं. (इथेच चुकलं.) खोलीचं दार लॅपटॉपच्या पाठीमागे होतं. म्हणजे कॅमेऱ्याला वृषाली दिसणार, दार नाही. वाकून गेलं तर मी दिसणारच नाही! मी दार हळूच ढकललं, साडी खोचली आणि एका हातात वाटी, एका हाताने जमीन धरत, रांगत टेबलाखाली शिरले. या गुडघ्यांनी! मग हळूच तिचा कुर्ता ओढला.

"आई गं!" वृषाली केवढ्याने किंचाळली.

"श्श! तोंड उघड."

मी चमचा वर केला. आणि बघा सवय कशी असते. घाबरलेली, पेपर चालू, घड्याळ पळतंय, पण चमचा समोर आल्याबरोबर तोंड आपोआप उघडलं. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण दहीसाखर खाल्ल्यावर पाया पडायचं असतं ना! माझे पाय तर पार टेबलाच्या पलीकडे. ती खुर्चीवरून उतरली आणि आख्खी टेबलाखाली आली. ठक् करून डोकं आपटलं. माझ्या पायाला हात लावला आणि कुजबुजली, "येते हं, आई."

"ये," मी म्हटलं. आणि ती परत वर गेली. हातभर प्रवास!

मला काही बाहेर निघता येईना. गुडघे धरले होते, वळायला जागा नव्हती. तसा सगळा पेपर मी टेबलाखाली बसून काढला. पायाला मुंग्या आल्या. एकदा शिंक आली, ती पदरात दाबली, तर तिचा आवाज मांजर चिरडल्यासारखा निघाला. वरून पेन्सिलीची खसखस मात्र थांबत नव्हती. मला इतकं बरं वाटत होतं!

पेपर संपला तशी वृषालीने मला बगलेत धरून ओढून काढलं. "आई, सगळी सोडवली मी! पहिल्यांदा आयुष्यात सगळी!" आम्ही दोघी फरशीवर बसून उरलेलं दही संपवलं.

आणि मग कॉलेजचा ईमेल आला. निकाल रोखून ठेवला होता. परीक्षेत बाहेरची मदत घेतल्याचा संशय, चौकशीला हजर व्हा.

निखिलने वाचून डोक्याला हात लावला. "आई, यार! तू टेबलाखाली बसलीस?"

"दिसले कुठे मी?"

"तुझा हात दिसला! बांगड्यांसकट!"

वृषाली बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दातांची जागा जाणार, वर कॉपीचा डाग लागणार, तोही माझ्या हातून. संध्याकाळी ती निखिलला म्हणताना मी पडद्याआडून ऐकलं, "मी सांगून कोण विश्वास ठेवणार? ज्यांचा हात आहे त्यांनीच सांगायला हवं. पण आईंना नाही जमायचं. त्यांना त्रास नको देऊस."

"जमेल," मी म्हटलं. पडद्याआडूनच, पण म्हटलं.

चौकशीला आम्ही तिघं गेलो. समोर टायवाले एक साहेब आणि गणित शिकवणाऱ्या डोनाबाई. पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. साहेबांनी भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. मी जन्मात स्वतःला इतकं मोठं पाहिलं नव्हतं! मी म्हणजे नुसता हात. वृषाली शांतपणे गणित करतेय, अचानक किंचाळते, खालून बांगड्यांचा हात वर येतो, ती तोंड उघडते, चमचा जातो, मग ती कॅमेऱ्यातून नाहीशीच होते. ठक्! कुजबूज. परत वर येते, डोकं चोळते आणि पुढे गणित करते. मग मांजर चिरडतं.

डोनाबाईंनी चष्मा लावला. "पुन्हा लावा," म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, निखिलने मला मराठीत सांगितलं. "आई, ते विचारतायत, वाटीत काय होतं? आणि ही खाली जाऊन काय म्हणाली?"

"दहीसाखर. आणि ही येते म्हणाली."

"आणि तू?"

"ये म्हटलं."

निखिलने ते इंग्रजीत केलं. साहेब म्हणाले, ती तर तिथेच होती, मग कुठून येणार होती? निखिलला घाम फुटला. मी वृषालीकडे पाहिलं. तिचे हात गार पडले असणार, मांडीखाली दाबून बसली होती. मग मी टेबलाकडे बघत बोलायला लागले, आणि थांबलेच नाही.

"साहेब, परीक्षेला निघालेल्या मुलीला आम्ही तोंड गोड केल्याशिवाय पाठवत नाही. ही निघालीच नाही, खोलीतच बसली, म्हणून माझी वेळ चुकली. चूक माझी. मी चौथी शिकलेली बाई, मी हिला काय उत्तर सांगणार? एक्स उणे कसा असतो, ते मला अजून कळलेलं नाही."

निखिलने सांगितलं. डोनाबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "ते माझ्या अर्ध्या वर्गाला कळलेलं नाही." मग पेपर पुढे सरकवून साहेबांना म्हणाल्या, "हिच्या चुकाही बघा. ही उणेचं चिन्ह नेहमी तिसऱ्या ओळीत विसरते, इथेही विसरली आहे. खालून कोणी सांगत असतं तर विसरली नसती."

मी पर्समधून फडक्यात बांधलेला डबा काढला. पुरावा नको? डोनाबाईंनी हात पुढे केला. मी त्यांच्या तळव्यावर चमचाभर दहीसाखर घातली, त्यांनी तळवा तोंडाला लावला आणि दुसऱ्यांदा हात पुढे केला. साहेबांनी मात्र पोटावर हात ठेवून सांगितलं, दूध-दही पचत नाही. म्हणून त्यांच्या हातावर मी नुसती साखर ठेवली. एवढा टायवाला माणूस, मूठ अर्धी उघडी धरून निकाल सांगत होता! पेपर रद्द. पण परीक्षा पुन्हा द्यायची, या वेळी कॉलेजात, माणसांच्या समोर. पास झाली तर डाग पुसला, जागाही राहिली. एकच संधी.

पुन्हा परीक्षा होती त्या सकाळी मी स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं. म्हटलं, या वेळी आपला हात कुठे नको.

दारावर टकटक झाली. "आई, बाहेर या. दही कुठाय?"

"मी नाही देणार बाई. एकदा दिलं तेवढं पुरे झालं."

"आई, उशीर होतोय. मी चपला घालून उभी आहे. दारात."

मी कडी काढली. फ्रीज उघडला तर दह्याचं भांडं रिकामं! काल कढी केली होती, मीच. आत फक्त नातीचं ते गुलाबी, स्ट्रॉबेरीचं दही. मला रडूच यायला लागलं.

"द्या तेच," वृषाली म्हणाली. "त्यात साखर असतेच."

गुलाबी दही तिच्या हातावर घातलं. ती वाकली, या वेळी माझे पाय जागेवर होते. "येते, आई." "ये गं," म्हणून मी दारात उभीच राहिले, जिन्यावरून शेजारच्या काकू येत होत्या तरी. त्यांनी मला पाहिलं आणि दचकल्या.

दुपारी कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिने फोनवर निकाल उघडला. मी आणि निखिल तिला आणायला गेलो होतो. "आई, पास!" ती ओरडली. मीही ओरडले. गाड्यांत बसलेली पोरं वळून बघायला लागली. मी लपायला जागा शोधली, पण वृषालीने मला इतकं घट्ट धरलं होतं की हलताच येईना.

आता ती पुढचं गणित शिकते. परवा त्याच्या परीक्षेच्या सूचना आल्या, तिने मला मराठीत वाचून दाखवल्या. खोली चारही बाजूंनी दाखवा, भिंती दाखवा, आणि खाली एक नवीन ओळ: टेबलाखालचा भाग कॅमेऱ्याला नीट दाखवा.

चौथी शिकलेल्या बाईने अमेरिकेतल्या कॉलेजला नियम करायला लावला, असं निखिल सगळ्यांना सांगत सुटलाय. मी म्हटलं, त्यात काय एवढं, पलंगाखालचं अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही!