भोकाचा पैसा

तीस वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं आणि तीस वर्षं एकच वाक्य ओरडत आलो: बर काढल्याशिवाय जॉब हातात द्यायचा नाही. धातू कापला की कडेला धारदार किनार राहते, तिला आम्ही बर म्हणतो. एखाद्याने ती तशीच ठेवली की मी जॉब, म्हणजे त्याने घडवलेला तुकडा, टेबलावर आपटायचो. पोरं मला टरकून असायची. मी मात्र कशाला घाबरलोय असं मला आठवत नाही, त्या एका दिवसापर्यंत.

रिटायर झालो आणि अड्याळच्या घरात बसून बसून डोकं फिरायला लागलं. बायकोने एकदा फळीवरचा जुना डबा काढला. त्यात अॅल्युमिनियमचे दोन पैसे, तीन पैसे, पाच पैसे होते. मी ते घेऊन बसलो तो बसलोच. भंडाऱ्याला एक दुकानदार नाण्यांचा शौकीन निघाला. त्याने मला धडे दिले. नाणं कडेने धरायचं, चिंचेने घासायचं नाही, नकली ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवायचं. मी अल्बम आणला. पहिल्या पानावर कोणतं नाणं लावू, असं विचारलं तर तो म्हणाला, "भोकाचा पैसा लावा. इंग्रजांच्या वेळचा. सगळेच त्याच्यापासून सुरू करतात."

आता आली का पंचाईत! तो पैसा माझ्याच घरात रांगत होता.

मुलगी परीक्षेच्या अभ्यासासाठी माहेरी आली होती. तिची पोर अकरा महिन्यांची. पोरीच्या कमरेला काळा करदोडा आणि त्यात ओवलेला तो तांब्याचा, मधे मोठं गोल भोक असलेला पैसा. लाखांदूरच्या विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने बांधला होता. आमच्या जावयाच्या कमरेलाही लहानपणी तोच होता म्हणे. मागितला असता तर दिला असता का? कोण जाणे. पण मी मागितलाच नाही. विहिणीसमोर हात पसरायचा, तोही एका पैशासाठी, हे काही मला जमणारं नव्हतं.

त्या दिवशी मुलगी सकाळच्या एसटीने परीक्षेला भंडाऱ्याला गेली. बायको मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी तीन पैशांचं एक षटकोनी नाणं घेतलं, कानशीने घासून गोल केलं, मधे तसंच मोठं भोक पाडलं, दिव्याच्या काजळीत तेल कालवून काळं केलं. अर्ध्या तासाचं काम. पोर झोपलेली. करदोड्याची गाठ सोडून पैसा काढला, माझं नाणं ओवलं, गाठ मारली. तांब्याचा पैसा प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवला. कोणाच्या बापाला कळणार नाही, असं वाटून मला हसूही आलं. किती हलकट हसलो असेन मी!

बर काढायची राहिली होती. घाईत राहिली.

दुपारी बायकोची हाक आली. "अहो, इकडे या बरं. पोरगी लाळ गाळून राहिली. पाणी पाजलं तर नाकातून आलं."

मी गेलो. पोर रडत होती, पण आवाज नीट निघत नव्हता. तोंडातून लाळेची धार. बायकोने तिचं झबलं वर केलं आणि करदोडा तिच्या हातात आला. तुटलेला. धागा कात्रीने कापावा तसा कापला गेला होता, आणि नाणं कुठे दिसत नव्हतं.

"पैसा गिळला व माय हिनं!" बायको किंचाळली.

तिला वाटत होतं गुळगुळीत, झिजलेला पैसा गिळलाय. मला माहीत होतं काय गिळलंय. पातळ कडी, आणि तिला धार. ज्या धारेने दोरा कापला ती आता त्या एवढ्याशा गळ्यात होती.

शेजाऱ्याने गाडी काढली. मुलीला फोन केला, ती परीक्षेतून सुटली होती, परस्पर दवाखान्यात येते म्हणाली. पहेला गाव मागे पडलं. पोर बायकोच्या मांडीवर, मी बाजूला, आणि पोरीने हुंदका दिला की माझ्याच घशात काहीतरी चिरत होतं. बोल, मी स्वतःला सांगत होतो, आत्ता बोल. पण तोंड उघडेना. कारध्याच्या पुलावर गाडी हळू झाली तशी बायको म्हणाली, "एखादा सुट्टा पैसा द्या, नदीले वाहतो. वैनगंगा माय सांभाळीन पोरीले."

मी खिशात हात घातला. बोटांना प्लास्टिकचं पाकीट लागलं. दुसरं नाणंच नव्हतं.

"नाही माझ्याजवळ," मी म्हणालो.

तिने हात जोडले आणि पूल सरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नाणं कसलं? मुलगी पोहोचली होती, धापा टाकत तीच म्हणाली, "तांब्याचं. करदोड्यातलं. भोकाचं." मी भिंतीला टेकून उभा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, वरून खाली पाहिला, पुन्हा पाहिला.

"काही नाही," ते म्हणाले. "तांब्याचं नाणं असतं तर फोटोत लपलं नसतं. गिळलेलंच नाही. घरात कुठेतरी पडलं असेल, शोधा. घसा लाल झालाय, त्याचं औषध देतो."

मुलगी मटकन बाकावर बसली आणि रडता रडता हसली. बायकोने पोरीची अलाबला घेतली. "तरी मी म्हनो," ती मला म्हणाली, "तुम्ही कायले एवढे घाबरले? तोंड पाहा आपलं."

सगळे मोकळे झाले आणि माझा जीव टांगणीला लागला. डॉक्टर तांब्याचं बोलत होते. तांबं तर माझ्या खिशात होतं! पोरीच्या गळ्यात काय होतं, हे त्या अख्ख्या दवाखान्यात मला एकट्यालाच माहीत होतं. आता घरी नेलं की लेकराचं काय होईल ते होईल, आणि माझं बिंग कधीच फुटणार नाही. हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू, आला. मुलीने पोरीला खांद्यावर घेतलं, चपला घातल्या. दारापर्यंत गेली. पोरीची लाळ तिच्या पाठीवर ओघळत होती, आणि त्या लाळेत रक्ताची एक तार दिसली.

"थांब," मी ओरडलो. वर्कशॉपमध्ये ओरडायचो तसा. सगळे वळले. "डॉक्टरसाहेब, तांब्याचं नाही ते. अॅल्युमिनियमचं आहे. मी बदललं. कानशीने घासून मीच केलं. त्याला धार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"अॅल्युमिनियम? अहो, ते फोटोत धड दिसत तरी का! आधी का नाही सांगितलं?"

दुसरा फोटो काढला, बाजूने. डॉक्टर बराच वेळ डोळे बारीक करून पाहत होते. मग बोट ठेवलं. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पुसट कड, असून नसल्यासारखी. घशाच्या डॉक्टरांना बोलावलं. पोरीला आत नेलं, भूल दिली. दार बंद झालं.

त्या दाराबाहेर मी किती वेळ होतो सांगता येत नाही. मांडीवरच्या हातांच्या नखांत अजून कानशीचा कीस अडकला होता, तो काढत बसलो. तीस वर्षं ज्या हातांचा तोरा मिरवला तेच हे. बायको दोन बाकं सोडून बसली होती. मुलगी उभीच होती, माझ्याकडे पाठ करून. पोर मेली तर मी घरी कसा जाऊ, एवढंच डोक्यात होतं. घरी जायचंच नाही, कारध्याच्या पुलावरच उतरायचं, असंही वाटून गेलं.

दार उघडलं. सिस्टरने कापसावर ती कडी आणून दाखवली. काजळी धुऊन गेली होती, पांढरी चकाकत होती. "निघालं. ओरखडे आहेत, भरून येतील. वेळेवर आणलं," ती म्हणाली. मी तिथेच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मला कोणी उठवलं नाही.

मग मुलगी माझ्यासमोर आली. "बाबा, खरा पैसा कुठे आहे?"

मी पाकीट काढून दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं. "ठेवा. तुम्हाला पाहिजे होता ना."

पुढे त्या दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने बरणी उघडून दाखवली. भोकाचे पैसे, अर्धी बरणी भरून. "घ्या की एखादा," तो म्हणाला, "तसाच घ्या." मी न घेता बाहेर पडलो. अल्बमचं पहिलं पान अजून कोरं आहे.

परवा मुलगी आली होती. पोर आता चालते. फरशीवर कुठून तरी तिला एक रुपया सापडला. ती दुडूदुडू माझ्याकडेच आली, मूठ उघडली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "आबा, घे," म्हणाली. मी मूठ मिटली. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. पोरीची मूठ तिने पाहिलीही नाही. सरळ माझी बोटं उघडली आणि नाणं काढून घेतलं.