मिशा मोडलेला पतंग

चोपड्याच्या केळीच्या मळ्यातला मी पदवीधर झालो, तो धुळ्याच्या महाजन सरांमुळे. आज ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासाने पन्नास वर्षांपूर्वीची कॉलेजातली एक दुपार आठवली. सरांची दृष्टी जात चालली होती. जन्मभर जमवलेल्या, डांबरगोळ्यांच्या पेटीत टाचून ठेवलेल्या पतंग-किड्यांची कुळं ते मला विचारून लिहीत.

“डोक्यावरच्या मिशा कशा आहेत? पिसासारख्या असतील तर रेशमाचं कुळ, दोऱ्यासारख्या असतील तर घुबडाच्या नावाचं.”

मिशा माझ्याच बोटाने मोडल्या होत्या. “पिसासारख्या, सर.”

“आता बठ्ठं तुझ्या डोळ्यांवर शे, भाऊ,” सगळं माझ्यावर सोपवत ते हसले आणि चाचपडत त्यांनी चिठ्ठी लिहिली.

तेव्हा ती थाप मला क्षुल्लक वाटली. नोकरी लागल्यावर तीच आठवून झोप लागेना. तोवर सरांची दृष्टी पुरती गेली होती, तरी पत्र टाकलं: “वाचून दाखवणाऱ्यास नमस्कार. सर, एका पतंगाच्या मिशा मी मोडल्या आणि कुळ अंदाजाने सांगितलं. ती चिठ्ठी फाडा. बाकीचे पतंग मी नीट पाहिले होते.”