चंदनाच्या हारातला माझा फोटो

मुलाखत घ्यायला आलेली माणसं आधी माझी साडी बघतात आणि मग विचारतात, ‘मॅडम, एवढं यश मिळूनही पाय जमिनीवर आहेत, हे संस्कार कुठले?’ मी नम्रपणे हसते. सात वर्षं एकाच मालिकेत सोशिक सून होते, त्यामुळे तसं हसायचा सराव आहे. ‘नाशिकचे,’ मी सांगते. पुढचं गोदामाई, रामकुंड, घरातलं मंगल वातावरण वगैरे ते स्वतःच लिहून टाकतात. वातावरण मंगलच होतं. माझे वडील घाटावर दशक्रिया विधी करतात. सकाळी सातपासून लोकांच्या घरचं मरण, आणि दुपारी येऊन वरणभात.

मला भाऊ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घाटावर जाऊन बसायचे आणि ऐकून ऐकून सगळे मंत्र पाठ झाले. वडिलांना त्याचं केवढं कौतुक. पाहुणे आले की म्हणून दाखवायला लावायचे. पाहुण्यांचा चहा गार व्हायचा, पण माझं थांबायचं नाही. दहा वर्षांची असताना मी त्यांना विचारलं, ‘तुमचं सगळं मीच करणार ना?’ ते म्हणाले, ‘पुतण्या आहे की.’ पुतण्या म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याला तेव्हा सातचा पाढाही धड येत नव्हता, पण तो मुलगा होता आणि तेवढी पात्रता पुरेशी होती. ते मला फार लागलं. अजून लागतं.

पुढे मी नटी झाले. ‘रडायची नोकरी?’ वडील म्हणाले. ‘मी रोज खरं रडणं बघतो.’ त्यानंतर त्यांनी माझं एकही काम बघितलं नाही. आई मालिका बघायची, तेव्हा ते आतल्या खोलीत पंचांग घेऊन बसायचे.

आता माझ्या मूल्यांविषयी. सात वर्षांत मी मालिकेत चार वेळा विष प्यायले, दोनदा स्मृती गमावली आणि अकरा महिने गरोदर राहिले. कधी तक्रार केली नाही. पण एके दिवशी प्रसंग आला की नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण पकडल्याबद्दल सुनेनं त्याचे पाय धुऊन माफी मागायची. मी म्हटलं, हे मी करणार नाही. दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘मॅडम, प्रेक्षकांना आवडतं हो.’ मी नाहीच म्हटलं. आठवड्याभरात माझी गाडी कसारा घाटात कोसळली. गाडी दाखवणं परवडलं नसावं, नुसती किंकाळी ऐकवली, तीही दुसऱ्याच कुणाची तरी होती.

पुढच्याच भागात दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला माझा फोटो लागला. मला कुणी विचारलंही नव्हतं. माझ्याच पोस्टमधून त्यांनी तो उचलला होता. मागच्या दिवाळीत मी घरच्या पायरीवर बसले होते, अंगावर येवल्याची पैठणी. फोटो वडिलांनी काढला होता. आधीच्या चार फोटोंत माझं डोकंच नव्हतं.

काम गेलंच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी नाशिकला आले. गल्लीतल्या बायका थांबवून म्हणत होत्या, ‘आयुष्य वाढलं गं तुझं.’ एकीनं तर चेहरा पाडून विचारलं, ‘फार लागलं का गं?’

घरात वडील खुर्चीत बसले होते. कशी आहेस वगैरे काही नाही.

‘तो फोटो मी काढलाय,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘उतरवायला सांग.’

‘बाबा, मालिका आहे ती. आता वर्षभर सासूबाई त्याच्यासमोर रडणार.’

‘काल पाणी प्यायला बाहेर आलो, तर समोर तू. हारात. चाळीस वर्षं असल्या फोटोंपुढे बसतोय मी. काल मला बसता येईना.’

मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं आणि मला भीती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी पाय धुण्याची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

‘बरं केलंस,’ म्हणाले.

मग त्यांनी फोन घेतला आणि पुतण्याला लावला. तो आता पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये असतो. तिकडे खोकी आदळल्याचे आवाज येत होते, त्यामुळे वडील मोठ्यानं बोलत होते.

‘माझं तू करायचं नाहीस. ही करेल... अरे, काही झालं नाही मला. आताच सांगून ठेवतोय. आधी मी जाणार. माझं ही करणार. कळलं?’

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘पाठ आहे ना अजून?’

सात वर्षं मी रोज पानंच्या पानं संवाद म्हटले होते, ऐन वेळी हातात आलेलेसुद्धा. आता एक ‘हो’ म्हणायचं होतं आणि माझा आवाज फुटेना. वडील वाट बघत होते.

‘आहे तिला पाठ,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली.