मिनिटाला सात हजार दोनशे फेरे

सन २००७. फेब्रुवारी सरत आला होता. थंडी ओसरलेली आणि द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. पिंपळगाव बसवंतला आमचं पॅकहाऊस. तिथे त्या दिवसांत जे झालं ते मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "आप्पा, ते लॅपटॉपचं सांगा ना!" किस्स्यांचं द्राक्षासारखंच असतं. एक मणी तोडायला जावं तर घड हातात येतो.

मी सातवी शिकलो. हिशेब तोंडी करतो, चुकत नाही. लॅपटॉप माझ्या सुनेकडे, वैशालीकडे. कुठल्या बागेचा माल कुठल्या खोक्यात, याची यादी ती करायची आणि कंटेनर निघायच्या आत मुंबईच्या निर्यातदाराला मेल करायची. लॅपटॉप सेकंडहॅन्ड, अतिशय मंद. यादी दोनदा उशिरा गेली. त्या मुंबईच्या साहेबांचा फोन आला.

"आप्पा, आता उशीर झाला तर पुढचे कंटेनर मी दुसरीकडे भरीन."

पुढचे कंटेनर म्हणजे आमचा हंगाम. तो गेला की वर्ष गेलं.

*

बटण दाबून वैशाली भाजी निवडायला बसायची. एकदा आख्खी मेथी निवडून झाली, देठं गोळा करून झाली, तरी स्क्रीनवर ते वाळूचं घड्याळ उभंच!

दुसऱ्या दिवशी मी बाजाराला निघालो तर म्हणाली, "आप्पा, आज मेथी नको. फाइल मोठी आहे, गवार आणा."

*

आमच्या शीतगृहावर रामभाऊ होता. पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. त्याचं एकच शास्त्र. बागेतून गरम माल आला की आधी गारव्याच्या खोलीत ठेवायचा, मग पुढचं. एका दुपारी लॅपटॉपला हात लावला तर तापलेला. यानं तो क्रेटमध्ये घातला आणि द्राक्षांच्या शेजारी ठेवून दिला!

बाहेर काढला तेव्हा वर दव साचलेलं. वैशालीनं कपाळावर हात मारला.

रामभाऊ म्हणाला, "घाबरू नका ताई. माल लय टवटवीत निघालाय."

एक दिवस उन्हात वाळवला, तेव्हा कुठे चालू झाला. मंद होता तसाच.

*

वैशालीचं म्हणणं, आतली हार्ड डिस्क बदलली की वेग येईल. रामभाऊ नाशिकला जाणारच होता. म्हटलं, घेऊन ये. दुकानदारानं त्याच्यापुढे दोन डिस्क ठेवल्या. भाव सारखाच. यानं एक या हातात घेतली, एक त्या हातात, आणि जी जड भरली ती आणली.

ती टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची! लॅपटॉपवर ठेवली तर विटेएवढी दिसत होती.

"एकाच पैशात जास्त वजन मिळालं, आप्पा," रामभाऊ खुशीत.

वैशाली म्हणाली, "छान झालं. आता हिच्या मापाचा लॅपटॉप आणा."

*

मग लॅपटॉप बगलेत मारून मी स्वतः नाशिकला गेलो. रामभाऊ बरोबर होताच. दुकान सुनील नावाच्या पोराचं. पोर म्हणजे तिशीतला, संसारी. त्यानं जड डिस्क परत घेतली, कुरकुर केली नाही. रामभाऊनं भाव विचारला आणि बैलबाजारात बोटांवर गुपचूप भाव ठरवतात त्या रीतीप्रमाणे खांद्यावरचा टॉवेल सुनीलच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली त्याची बोटं धरून दाबायला लागला.

सुनीलनं हात झटकला. "काका, माझं लग्न झालंय!"

रामभाऊ म्हणाला, "म्हंजे भाव फिक्स हाय का?"

*

सुनीलनं दोन डिस्क समजावून सांगितल्या. एकीत माल दुप्पट मावतो, पण ती मिनिटाला पाच हजार चारशे फेरे मारते. दुसरीत निम्माच मावतो, पण ती सात हजार दोनशे मारते. किंमत तीच.

रामभाऊ म्हणाला, "फेरे कितीबी मारू दे. आणते काय ते सांग."

"तेवढंच आणते. पण हाक मारल्याबरोबर आणते."

मी म्हणालो, "तीच दे."

"तीच संपलीये काका. मुंबईहून यायला आठवडा लागेल."

आमचा कंटेनर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता. मी तसं सांगितलं. साहेबांचा निरोपही सांगितला. विनवणी केली नाही, ती मला येत नाही.

सुनीलनं स्वतःचा लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला लागला. आतली डिस्क सात हजार दोनशेचीच निघाली. त्याचं काम त्यानं दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवलं, आमचं सगळं त्या डिस्कवर उतरवलं आणि ती आमच्या लॅपटॉपला बसवली. आमची मंद डिस्क स्वतःच्यात घातली.

"सीझन संपला की अशीच नवी आणून द्या."

"कागद करून घे," मी म्हणालो. "मी कुणाचं ठेवून घेत नाही."

"राहू द्या काका. तुमचा कंटेनर चुकला तर मला गिऱ्हाईक कुठलं?"

सकाळी यादी कंटेनरच्या आधी गेली. पुढच्याही सगळ्या वेळेवर गेल्या.

*

एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर रवाना केला. तशीच डिस्क मुंबईहून मागवली आणि दुकानात गेलो. सुनील एका गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवत होता. म्हणजे दाखवायचं होतं, लॅपटॉप अजून उघडत होता!

गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमचाच एवढा स्लो. आमचा काय फास्ट करणार?"

मी नव्या डिस्कचा डब्बा काउंटरवर ठेवला.

"या काका, बसा."

"बसायला आलो नाही. लाव."

त्यानं डिस्क बसवली, आपला सगळा माल तिच्यावर चढवला. गिऱ्हाईक हटलं नाही, बघत उभं. सुनीलनं बटण दाबलं. बोट काढतो न काढतो तोच लॅपटॉप उघडला.

"अहो, हीच पाहिजे मला! ही काढून द्या."

"दुसरी मागवतो," सुनील म्हणाला. "अशी एकदा देऊन बसलोय."

आमची जुनी डिस्क मी खिशात टाकली.

"फिटलं?" मी विचारलं.

"फिटलं, काका."