परबकाका खोली पास करतात

परबकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पंचतारांकित हॉटेलच्या सातव्या मजल्यावर, नुकत्याच अंथरलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर, पोटावर हात ठेवून आडवे झाले होते. बूट दाराशी काढलेले, मोज्यांतले पाय पलंगाबाहेर, डोळे सताड उघडे. माझा नोकरीचा तिसरा दिवस होता. पाहुण्यांची विचारपूस करणाऱ्या विभागात मी लागले होते आणि खोली तयार कशी होते ते बघायला मला वर पाठवलं होतं. कामाच्या वेळात लोळणारा माणूस बघून आता हे कुणाला सांगावं, असा विचार करत मी दारात उभी राहिले. ते छतावरची नजर न काढता म्हणाले, "दार लाव गो. उजेड बदलतो."

मी दार लावलं. मग ते उठून बसले आणि त्यांनी वर बोट दाखवलं. छतावर धूर ओळखणारी जी पांढरी डबी असते, तिच्या कडेला कोळ्याचा एक धागा लोंबत होता आणि एसीच्या वाऱ्याने हलत होता. "उभ्याने दिसला असता तुला?" त्यांनी विचारलं. नसता दिसला. "पाहुणा खोली उभ्याने बघत नाही. विमानातून उतरतो, ट्रॅफिकमध्ये सडतो, खोलीत येतो, बॅग टाकतो आणि आडवा होतो. तेव्हा त्याला पहिलं दिसतं ते वरचं. मग आपण पण तिथूनच बघायचं ना?"

या तपासणीत पलंग मोडायचा. तो पुन्हा लावायचं काम रेखाचं. रेखा त्या मजल्यावरच्या खोल्या आवरायची आणि तिची जीभ कुणाची भीड ठेवत नसे. "काका, दिवसाला चौदा पलंग मी लावते, त्यातले सहा तुम्ही मोडता," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. काका चादरीचं दुसरं टोक धरायचे. ते मजल्याचे सुपरवायझर होते, त्यांना चादरीला हात लावायची गरज नव्हती. पण कोपरा मुडपावा तर त्यांनीच. पाकिटाची कड दुमडावी तशी ती चादर गादीखाली जायची. पलंग झाला की ते कोरड्या टबात बसून बघायचे, कमोडचं झाकण लावून त्यावर बसून बघायचे, आणि मग वहीत लिहायचे, 'पास'. एका खोलीला वीस मिनिटं. बाकीचे सुपरवायझर तेवढ्यात तीन खोल्या उरकत.

आमचं हॉटेल मरोळच्या बाजूला, विमानतळापासून जवळ. वेबसाइटवर पोहण्याचा निळा तलाव आणि चार माड यांचा फोटो होता. माड खरेच चार होते. पण मागच्या खोल्यांच्या खिडक्यांतून औद्योगिक वसाहतीचे पत्रे दिसत आणि दर काही मिनिटांनी विमान. पाहुणे फोटो मनात घेऊन येत आणि पडदा सरकवला की त्यांचा चेहरा पडे. पाहुण्यांनी फोनवर काय काय लिहिलंय, किती तारे दिलेत, ते रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं काम. शाळेत प्रगतिपुस्तक वाचून दाखवायचे तसंच, फक्त इथे नापास होणारे सगळे माझ्यापेक्षा वयाने मोठे.

एकदा कुणीतरी लिहिलं होतं, 'सगळं अपेक्षेप्रमाणे', आणि तारे तीनच. मॅनेजर चक्रावले. अपेक्षेप्रमाणे होतं तर दोन तारे गेले कुठे? काका मागे उभे होते. म्हणाले, "सर, एवढ्या मोठ्या हॉटेलात येऊन जसं वाटलं होतं तसंच मिळालं, तर माणसाला फसल्यासारखं होतं." मीटिंगनंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, मग लोकांना हवं तरी काय असतं? ते म्हणाले, "मागतात ते वेगळं. उशी मागतील, इस्त्री मागतील, ते आपण देतो. अपेक्षा तोंडातून निघत नाही. निघाली की तिला तक्रार म्हणतात. म्हणून ती निघायच्या आत ओळखायची." हे ते एखादी पाककृती सांगावी इतक्या सहज सांगायचे. मला तेव्हा वाटायचं, काका जरा जास्तच बोलतात. माझंही वय तेव्हा सगळं कळण्याचं होतं.

त्याच वर्षी चिपळूणहून एक जोडपं आलं. दोघंही निवृत्त शिक्षक. मुलांनी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना एक रात्र आमच्याकडे पाठवलं होतं. जाताना गुरुजींनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "फार सुंदर व्यवस्था." अभिप्रायाच्या कार्डावर पाचही तारे. मी खुशीत ते काकांना सांगायला वर गेले, तर ते त्या दोघांच्या रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसले होते, चेहरा उतरलेला. टॉवेलांची घडी मोडलेली नव्हती. साबणाचा कागद तसाच. पलंगाला सुरकुती नाही, आणि गालिच्यावर बाईंची विसरलेली एक हेअरपिन. दोघं खाली झोपली होती. घरून आणलेली चादर अंथरून.

"पाच तारे दिलेत काका," मी म्हटलं.

"ते चांगले लोक आहेत म्हणून दिलेत," काका म्हणाले. "आपण त्यांना आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. मोडेल, मळेल, कुणी बोलेल, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना. अख्खी रात्र आपल्याकडे काढली आणि एक क्षण पाहुणे झाले नाहीत." ती पिन त्यांनी पाकिटात घालून चिपळूणला पाठवली. आणि त्या दिवसाच्या वहीत त्या खोलीपुढे फुली मारली. खोलीत खोट काहीच नव्हती, तरी.

काकांचे वडील गिरणीत होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, आणि काकांची झोपायची जागा माळ्याखाली. माळ्यावर ट्रंका, पिंप, गणपतीचं मखर, गावाला न्यायची भांडी. "डोळे उघडले की सगळा संसार आता अंगावर पडतो असं वाटायचं," ते एकदा कँटीनमध्ये म्हणाले होते. लग्नानंतर ते घाटकोपरला, पंतनगरच्या एका खोलीत आले. तिथेही माळा होताच. तिथून एकतीस वर्षं ते मरोळला येत राहिले आणि परक्या माणसांच्या छतांवर डोळे लावत राहिले.

आमच्याकडे एक पद्धत होती. निवृत्त होणाऱ्या माणसाला जोडीने एक रात्र पाहुणा म्हणून ठेवून घ्यायचं. काकांची वेळ आली तेव्हा ते मला कँटीनमध्ये शोधत आले. इतकं अवघडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"शुभांगीने हॉटेल बघितलंय ते मागच्या गेटपर्यंत," ते म्हणाले. शुभांगी म्हणजे काकू. "एकदा डबा द्यायला आली होती, वॉचमनकडे देऊन गेली. बाकी सगळं माझ्या तोंडून. रोज घरी गेलो की सांगायचो. आज कोण आलं, कुठल्या खोलीत फुलं कुठली. एकतीस वर्षं सांगतोय. तिच्या डोक्यात आता जे हॉटेल आहे ना, ते मी बांधलंय. ते ह्याच्यापेक्षा मोठं असणार."

"घाबरलात की काय?"

"घाबरणारच. आजवर कुठल्या पाहुण्याला नाही घाबरलो?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक कर माझ्यासाठी. बाराव्यावर खोली दे, तिथली माणसं नवी आहेत. आणि कुणाला सांगू नको. परबची बायको म्हणून कुणी ओळखलं ना तिला, की ती उठून उभी राहील. तिला एक दिवस बसू दे गो. एवढंच."

मी शब्द दिला. आणि फक्त रेखाला सांगितलं. कदाचित काकांनी ही गोष्ट मलाच सांगितली, याचा मला मिरवायचा मोह झाला असेल. रेखाने फक्त लाँड्रीत सांगितलं. लाँड्रीतून ते किचनमध्ये गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी बाराव्या मजल्यावर गेले, तर खोलीबाहेर सत्यनारायणाला असाव्यात तशा चपला-बुटांच्या रांगा. दार उघडं. आत वीसेक माणसं. लाँड्रीतले, किचनमधले, सिक्युरिटीवाले, लिफ्ट दुरुस्त करणारे. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस आणि एक हत्ती. टेबलावर 'परबकाका' लिहिलेला केक. आणि या सगळ्यांच्या मधोमध, नव्या साडीचा पदर कमरेला खोचून, काकू उभ्या राहून चहा करत होत्या. खोलीतल्या छोट्या किटलीत. कप दोनच, म्हणून बाथरूममधले ग्लासही घेतलेले. घरून आणलेला मालवणी खाज्याचा डबा हातोहात फिरत होता. "घ्या हो, लाजताय काय," त्या म्हणत होत्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हॉटेल त्यांचंच आहे आणि आम्ही सगळे पाहुणे.

काका खुर्चीच्या टोकावर बसून हसत होते. मला पाहिल्यावर क्षणभर हसू थांबलं. ती नजर मी विसरलेले नाही.

"तूच ना मुग्धा? बस गो, उभी का?" काकू म्हणाल्या. बसायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दोघं लवकर निघून गेली. ती खोली आवरायचं काम रेखाने मुद्दाम मागून घेतलं होतं, काकांना तसं आदल्या संध्याकाळी सांगूनही ठेवलं होतं. ती मला शोधत खाली आली, डोळे भरलेले. "ताई, पलंगावर कुणी झोपलंच नाही," ती म्हणाली. मी वर जाऊन पाहिलं. चादरीला सुरकुती नाही. टॉवेलांच्या घड्या जागच्या जागी. कप-ग्लास धुऊन नॅपकिनवर उपडे, कचऱ्याच्या पिशवीला गाठ. टेबलावर आमचं कार्ड होतं, 'आमची सेवा आपल्या अपेक्षेला उतरली का?' असं विचारणारं. ते कोरं होतं. मला चिपळूणची ती हेअरपिन आठवली. मी गुपचूप गालिच्यावर एखादी पिन दिसते का ते शोधलंसुद्धा.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी माफी मागितली. मी रडले. ते म्हणाले, "जाऊ दे गो. मायेनेच आले होते ना सगळे." एवढंच. मला वाटलं, चांगला माणूस आहे म्हणून पाच तारे देतोय.

पुढे मी ते हॉटेल सोडलं. दोनेक वर्षांनी रेखाचा फोन आला. काका गावी गेले होते, कुडाळजवळ, तिथेच अंगणात बसल्या जागी गेले. महिन्याभराने काकू घाटकोपरला परतल्या तेव्हा मी भेटायला गेले. दुपारची वेळ होती. खोलीत एक लोखंडी पलंग, त्यावर मला बसवलं. डोक्यावर माळा, ठासून भरलेला. पलंगावरच्या चादरीचे कोपरे गादीखाली मुडपलेले होते. पाकिटासारखे.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी न राहवून बोललेच. म्हटलं, काकू, ती एक रात्र माझ्यामुळे वाया गेली. काकांनी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे.

काकूंना आधी काही कळेचना. मी सगळं सांगितलं. मी रेखाकडे फोडलेलं गुपित, न वापरलेला पलंग, कोरं कार्ड.

"कोण म्हणालं झोपलो नाही?" त्या म्हणाल्या. "मस्त झोपले मी. अशी झोप माझ्या आयुष्यात नव्हती लागली. आणि त्या सगळ्यांना चहा केला, तो मला आवडला म्हणून केला. ह्यांची माणसं ती. इतकी वर्षं नुसती नावं ऐकत होते." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "सकाळी जाग आली तशी मी उठून पलंग आवरायला लागले. हे म्हणाले, थांब, आडवी हो जरा. मी म्हटलं, अहो उजाडलं. तर म्हणाले, एक मिनिट. मग आम्ही दोघं तशीच पडलो, हात पोटावर ठेवून. नंतर पलंग दोघांनी मिळून लावला. त्यांनी मला कोपरा शिकवला. टॉवेलसुद्धा त्यांनीच पुन्हा घडी घालून ठेवले, हेअर ड्रायरने सुकवून. मी हसत होते नुसती. म्हणाले, रेखाचं काम वाढायला नको."

इतकी वर्षं मी जे उराशी घेऊन फिरत होते, ते असं चहाच्या कपाशेजारी येऊन पडलं होतं.

"ते कार्ड बघितलं मी," काकू म्हणाल्या. "हे वाचून म्हणाले, लिही काय ते. पण काय लिहू? ते पडल्या पडल्या जे बोलले, ते काय कार्डावर लिहायचं असतं?"

"काय बोलले?"

काकूंनी वर बघितलं. ट्रंका, पिंप, गाठोडी, एक मोडका पंखा.

"मला म्हणाले, 'वर बघ. काय दिसता?' मी पुष्कळ बघितलं. म्हटलं, 'कायच नाय.' तर हसले. म्हणाले, 'ताच. एकतीस वर्सां मी ह्याच केलंय.'"