सोड निर्धास्त, म्हणालास

गणपती आठ दिवसांवर आले होते. वडगावात घराच्या मागच्या अंगाला मी डाळ निवडत बसले होते आणि वैनींचा फोन आला. वैनी म्हणजे प्रभाकरची बायको. गोकाककडच्या, माहेरची भाषा कानडी, पण पस्तीस वर्षं अनगोळात काढल्यावर मराठीत भांडण्याइतपत पक्क्या झालेल्या. त्या दिवशी त्यांना एवढंच बोलता आलं, "आक्का, हे गेले ओ…" मी परात तशीच टाकून उठले. दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यात त्याला भेटून आले होते. पायावरची सूज उतरली होती, सोमवारी घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले होते. निघताना मी विचारलं होतं, "आणि रं, मशीनचं काय? मी जाऊन बघून येऊ का?" तर म्हणाला, "काय बघतीस? झकास चाललंय. ह्या वर्षी खंडेपूजा तेवढी तू कर." मरायला टेकलेला माणूस खोटं बोलत नाही असं म्हणतात. कोण म्हणतं त्याला माझ्याकडं पाठवा.

प्रभाकर माझा शाळेतला. पहिलीपासून एका वर्गात, पुढं तो टेलिफोनच्या नोकरीत गेला आणि मी मास्तरीण झाले. वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. स्वतःच्या लग्नात आहेर आलेलं घड्याळ त्यानं सत्यनारायणाच्या आधी उघडलं होतं, आणि परत बसवलं तेव्हा एक स्क्रू जास्तीचा उरला होता. मात्र शब्दाचा पक्का. चारला येतो म्हणाला की चारला सायकलची घंटी वाजलीच पाहिजे. माझे आप्पा, म्हणजे वडील, अंथरुणाला खिळले तेव्हा सगं-सोयरं एकेक करून पांगलं, हा गडी रोज संध्याकाळी यायचा, आप्पांच्या उशाशी बसून रेडिओ दुरुस्त करायचा. तो रेडिओ बिघडलेलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्या खोट्याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं!

आप्पा मागावर बसणारे, पण त्यांची खरी ओळख नक्षीची. साडीच्या काठाची नक्षी ते चौकटीच्या कागदावर काढायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. लाल शाईनं भरलेली चौकट उचलायची, रिकामी सोडायची. त्या कागदाकडं बघत विणकरानं मोजत जायचं. पन्नास-साठ वर्षांचे कागद एका लोखंडी ट्रंकेत होते, आणि ट्रंकेची किल्ली आप्पांच्या जानव्यासारखी कायम अंगावर. आमच्याकडं एक नियम होता… नक्षी घराबाहेर जायची नाही. कुणा पॉवरलूमवाल्यानं एकदा डोळ्यांखालनं घातली की आठव्या दिवशी तोच काठ बाजारात, तोही निम्म्या जरीचा. आप्पांनी जावयाला पोरगी दिली, कागद दाखवला नाही.

आप्पा गेल्यावर ट्रंक उघडली तर खालच्या थराला वाळवी. मी रडत अनगोळ गाठलं. प्रभाकरनं त्याच दिवशी ठरवलं की सगळे कागद स्कॅन करायचे आणि घरच्या सर्व्हरवर ठेवायचे. सर्व्हर म्हणजे काय हे मला त्यानं असं सांगितलं: "फडताळ समज. फक्त हे दिवसरात जागं असतंय." जुन्या कॉम्प्युटरचा डबा, त्यात दोन डिस्क. जे एकीवर लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तर दुसरी हाय. मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर नको, इंटरनेटवर तर नकोच, नक्षी भायेर जाता कामा नये. तो हसला. "आप्पांची लेक शोभतीस. बरं, दोन ठिकाणी ठेवतो, पण एकाच घरात." दोन हिवाळे तो त्याच्या माडीवरच्या खोलीत बसला. प्रत्येक कागद पट्टी लावून सरळ करायचा, वाळवीची माती ब्रशनं झाडायचा, मग स्कॅन. मी नक्षीचं नाव सांगायची, तो टाइप करायचा. गोमी, करवत, रुईफूल, चटई. आणि कुठल्या कागदावर आप्पांनी कोपऱ्यात काय लिहिलंय तेही. एका कागदावर 'आज शालनला ताप' असं लिहिलेलं होतं. शालन म्हणजे मी. ते वाचताना प्रभाकरनं चष्मा पुसला होता.

आमच्यात खंडेनवमीला माग थांबवतात. धोटा, फणी, सगळं पुसून हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पहिला धागा टाकायचा. चालत्या मागाची पूजा करत नाहीत, तो त्या दिवशी विसाव्याला असतो. आप्पांची नक्षी आता ह्या डब्यात, म्हणजे आमचा माग हाच, असं माझं म्हणणं. प्रभाकरला ते पटलं, निदान पटल्यासारखं त्यानं दाखवलं. दरवर्षी नवमीला तो मशीन बंद करायचा, मी झेंडूचा हार घालायची, वैनी होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, करायच्या. दुसऱ्या दिवशी मी जायच्या आत तो चालू करून ठेवायचा आणि मग टीव्हीवर आप्पांची एखादी नक्षी मोठी करून दाखवायचा.

आणि ट्रंकेतले कागद… वाळवी थांबेना. औषध मारलं, उन्हं दिली, तरी महिन्यानं परत भुगा. हात लावला की कागद बोटाला यायचा. तीन वर्षांपूर्वी पितृपक्षात मी ठरवलं, ही विटंबना बघण्यापेक्षा वाहत्या पाण्यात सोडावेत. प्रभाकरनंच स्कूटरवर मला कंग्राळीला नेलं, मार्कंडेय नदीवर. ट्रंक पुढं, मी मागं. पाण्याला ओढ होती. पहिला गठ्ठा हातात घेतला आणि माझा हात उठेना. मी त्याच्याकडं बघितलं. "परभाकर, बघ हं. सगळं हाय न्हवं?" तो काठावर उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली. म्हणाला, "सोड निर्धास्त. हाय की." मी सोडले. लाल शाई पाण्यात थोडी उतरली, मग काही दिसेना. परत येताना त्यानं मला भजी खायला घातली.

आता ह्या वर्षाचं सांगते. तेराव्याच्या शोकसभेत मी बोलले. शब्दाला जागणारा माणूस, असं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मग खंडेनवमी आली आणि त्यानं सांगितल्याप्रमाणं मी अनगोळला गेले. माडीवर गेले, मशीन रीतसर बंद केलं, पंख्याचा आवाज थांबेपर्यंत थांबले, पुसलं, हार घातला, नारळ फोडला. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर धावल्या आणि मधेच अडकल्या. थांबून थांबून कंटाळले, परत बंद करून चालू केलं. परत तिथंच. आतून बारीक टक्… टक्… असा आवाज.

मी घाबरले नाही. प्रभाकरनं मला शिकवलं होतं. वायर काढून दहा मिनिटं थांबले. झाकण उघडून प्रत्येक वायर काढून घट्ट बसवली. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरनं घासली. धूळ झाडली. दुसऱ्या प्लगला लावून बघितलं. चार दिवस मी वडगाव-अनगोळ करत होते आणि चारही दिवस ओळी तिथंच अडकत होत्या. उघडलेल्या डब्यात दुसऱ्या डिस्कच्या जागी एक पुठ्ठ्याचा तुकडा बसवलेला दिसत होता, नीट मापात कापलेला. मला वाटलं, डिस्क त्याच्या मागं असेल. खरंच वाटलं हो. त्याच्यावर संशय घ्यायची सवयच नव्हती.

शेवटी चादरीत गुंडाळून मशीन निपाणीला नेलं. तिथं बसवराज म्हणून एक दुरुस्तीवाले आहेत, प्रभाकरच त्यांचं नाव घ्यायचा. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण कंडक्टरनं मशीनचं लगेजचं तिकीट फाडलं. मी ते मांडीवरच धरून बसले, खड्डा आला की दोन्ही हातांनी कवळायची. बसवराजनी झाकण उघडलं, पुठ्ठा चिमटीनं उचलला. मागं काही नव्हतं.

"आक्का, हितं एकच डिस्क हाय की."

"दोन हायत. नीट बघा."

त्यांनी डबा माझ्याकडं फिरवला. मग त्या एकुलत्या डिस्कला कान लावला आणि मान हलवली. मशीनची रोजची नोंद एका वेगळ्या छोट्या चिपवर असते, ती त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून वाचली. बराच वेळ वाचली. मग हळूच सांगायला लागले. दुसरी डिस्क तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेली. उरलेलीवरही मशीन त्याच दिवसापासून दोष दाखवत होतं, रोज. तेव्हापासून हे मशीन एकदाही बंद केलेलं नाही. "असली डिस्क फिरती हाय तवर फिरती. एकदा थंड झाली की उठत न्हाय. त्यांना म्हाईत आसणार, म्हणून तर बंद करत नव्हते."

मी म्हटलं, "बंद कसं न्हाय? दर नवमीला करतोय की."

"न्हाय ओ आक्का. तीन वर्षांत एकदाबी न्हाय."

मला एकेक आठवायला लागलं. तीन नवम्या. पूजेच्या वेळी टेबल फॅन मोठ्यानं लावलेला, "उकडतंय" म्हणून. पुढच्या दिव्यांवर काळी पट्टी. मी हार घालताना त्याचा हात डब्याच्या मागं, आतल्या पंख्याचा वारा अडवत. मशीनपुरता वेगळा इन्व्हर्टर घेतला तेव्हा, केवढी काळजी घेतोय बघ, असं मी शेजारपाजारी सांगत सुटले होते. तीन वर्षं त्यानं मला चालत्या मागाची पूजा करायला लावली. आणि मग मीच, माझ्या हातानं, त्याच्याच सांगण्यावरून…

पण ते नव्हतं खरं दुखणं. खरं मला बसस्टँडवर बसल्यावर कळलं. मे महिन्यात डिस्क गेली आणि कागद आम्ही सोडले भाद्रपदात! चार महिने त्याला ठाऊक होतं. कंग्राळीच्या काठावर विजार वर करून उभा होता तेव्हा ठाऊक होतं. मी विचारलं होतं त्याला, तोंडाकडं बघून विचारलं होतं. 'थांब' एवढाच शब्द. कुजके का होईना, कागद आज माझ्या हातात असते.

तशीच अनगोळला गेले. वैनींना माहीत होतं. दारातच रडायला लागल्या. "म्हणायचे, नवी डिस्क घेतो, घालतो, मग सांगतो. दोन डिस्क हायत म्हणून तुम्हाला आधीच सांगून बसलते न्हवं? आणि मग तुम्ही कागद सोडायचं ठरिवलासा. त्या दिवशी नदीवरनं आले आणि जेवलेच न्हाईत. मला म्हणाले, आक्काला बोलू नको, झोपणार न्हाय बिचारी."

"आणि आता झोपते व्हय मी?" मी ओरडले. त्यांच्यावर आयुष्यात कधी ओरडले नव्हते. "चालू असतानाच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं हुतं. बसवराज म्हणाले, एका दुपारचं काम!"

"भ्यायले हो. वाचताना मधेच मेली तर, म्हणायचे. आज नको, उद्या बघू… तीन वर्षं उद्याच करत बसले."

लोक मला सांगतात, जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, त्यानं किती केलं तुमच्यासाठी. केलं की. दोन हिवाळे केलं. म्हणूनच तर मी ट्रंक रिकामी केली. परक्यानं सांगितलं असतं तर दहादा विचारलं असतं, कागद गच्चीत वाळवीसकट ठेवले असते. माझा बाप दोनदा गेला, आणि दुसऱ्यांदा माझ्या मैतरानं मला नदीपर्यंत सोडायला स्कूटर काढली. मी त्याला माफ केलेलं नाही. हे छापून आल्यावर कुणाला राग आला तर येऊ दे.

बसवराजनी बरीच खटपट केली. नावांची यादी तेवढी निघाली, फायली रिकाम्या. ती यादी समोर ठेवून मी आता रोज सकाळी चौकटीचा कागद घेऊन बसते आणि आठवेल तेवढं काढते. रुईफूल घेतलंय. लहानपणी आप्पांच्या मांडीवरून मी ते मोजलेलं आहे. परवा अकरा ओळी झाल्या, लाल पेननं, बऱ्यापैकी. बाराव्या ओळीला पान वळतं. डावीकडं की उजवीकडं, काही केल्या आठवेना. डोळे मिटून बघितलं, हवेत बोट फिरवून बघितलं. पण त्या कागदाला प्रभाकरनं पट्टी लावली होती, त्याला नक्की माहीत असणार, म्हणून मी फोन उचलला आणि नंबर लावला.

तिकडून वैनी बोलल्या. "काय ओ आक्का?"

"काय न्हाय. चुकून लागला."

"कुणाला लावलता?"

मला नाव घेववेना.