ग्राफकाकांची लाल रेघ

सोळा नोव्हेंबर, रविवार. सकाळी नऊपासून दुसऱ्या मजल्यावर ग्राफकाकांचं लोखंडी कपाट रिकामं करतेय. डोंबिवलीतली ही आमची इमारत आता पाडायला घेणार आहेत. काका गेल्या श्रावणात गेले. काकू कळव्याला लेकीकडे राहायला जाणार. तिथे तळमजला आहे, त्यांच्या गुडघ्यांना बरं. बारा वाजता रद्दीवाला येईल. त्याआधी ग्राफपेपरच्या गुंडाळ्या उघडून काय ठेवायचं, काय द्यायचं हे ठरवायचं काम काकूंनी माझ्यावर टाकलंय. माझं मात्र लक्ष नाही. शुक्रवारी माझ्या शेअरचा भाव लाल रेघेखाली बंद झाला. विकायचा की ठेवायचा, हे उद्या सकाळी बाजार उघडायच्या आत ठरवायचंय.

ही लाल रेघ काकांनीच शिकवलेली. काकांच्या घरात खोडरबर नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रंगांच्या एका कारखान्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून उभं आयुष्य काढलं. तिथे ड्रॉइंगमध्ये बदल झाला तर जुनी रेघ पुसायची नाही, असा शिरस्ता. तिच्यावर बारीक काट मारायची, नवी रेघ काढायची, बाजूला तारीख आणि सही. का, असं मी विचारलं होतं. "पुसलेल्या ड्रॉइंगवरून पाइप जोडला की अ‍ॅसिड भलत्याच टाकीत जातं," ते म्हणाले. निवृत्तीनंतर ते शेअरचे भाव ग्राफपेपरवर मांडायला लागले, तेव्हा हाच नियम त्यांनी घरी आणला.

रोज संध्याकाळी बंद भावाचा एक ठिपका. ठिपके जोडले की लाटा दिसतात, असं ते म्हणत. पहिली लाट वर जाते. दुसरी खाली येते, बऱ्याचदा पहिलीच्या निम्म्यापर्यंत किंवा शंभरातल्या एकसष्ट पॉइंट आठपर्यंत. मग तिसरी, ती सहसा सगळ्यांत मोठी. हे एकसष्ट पॉइंट आठ मोजायला त्यांच्याकडे कारखान्यातला पितळी डिव्हायडर होता, दोन्हीकडे टोकं असलेला. मधला स्क्रू त्यांनी एकदाच बसवून घट्ट केला होता. मोठ्या टोकांत पहिली लाट धरली की लहान टोकं आपोआप दुसरीची खोली दाखवत. सोसायटीतली पोरं मोबाइलवर हेच करून दाखवायची. काका बघायचे आणि म्हणायचे, "यात रेघ बोटाने सरकते रे. फार सोपं आहे हे."

टिप त्यांनी कधी कुणाला दिली नाही. जिन्यात कुणी विचारलं, काका, सध्या काय घेऊ, की उत्तर ठरलेलं: "आधी पेन्सिल घे." मी घेतली. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये बसून शिकले. पहिली लाट जिथून निघाली, तिथे ते लाल पेन्सिलने आडवी रेघ मारायला लावत. दुसरी लाट त्या रेघेखाली गेली, तर ती दुसरी लाटच नव्हे. आपलं मोजणं चुकलं. मग विकून उठायचं, वाद घालत बसायचं नाही. मला हे पटलं. विठ्ठलवाडीला माझी रक्ततपासणीची छोटी लॅब आहे. आकडा आवडला नाही म्हणून रिपोर्ट बदलता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही तीन वर्षांपूर्वी मी अडकले. पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. भाव रोज थोडा थोडा रेघेकडे सरकत होता. लॅबमध्ये हात सुईवर आणि कान एप्रनच्या खिशातल्या फोनकडे, असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी भाव रेघेखाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी काकांचे फोन आले. मी उचलले नाहीत. दुपारी अडीचला ते स्वतः लॅबमध्ये हजर. काखेत ग्राफची गुंडाळी, शर्ट घामाने भिजलेला. मी एका आजींचं रक्त काढत होते. म्हटलं, काका, नंबर लावा. ते खरंच बाकावर बसले, तिघांच्या मागे.

त्यांचा नंबर आल्यावर म्हणाले, "फोन उचलत नाहीस, म्हणजे तू रेघ बघितली आहेस."

"उद्या वर आला तर?"

"येईल कदाचित. पण आपण ज्यासाठी घेतला होता, ते कारण काल संपलं. वीक."

त्यांच्यासमोर विकले. तोटा झाला. चहासुद्धा न घेता ते गेले.

पुढच्याच आठवड्यात भाव उसळला. रविवारी मी चांगलंच सुनावलं, की तुमच्या रेघेपायी माझं नुकसान झालं, आता भरून द्या. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "तू बरोबर केलंस, वर्षा," एवढंच म्हणाले आणि आत गेले. महिनाभरात तो शेअर असा कोसळला की मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. तोंडाने मानायचे राहिले. काका मात्र तेव्हापासून रविवारी फारसे बोलेनासे झाले. वय झालं, असं मी धरून चालले.

आज साडेअकराला कपाटाच्या तळाशी एक गुंडाळी सापडली. तोच पाइपवाला शेअर, त्याच वर्षाचा कागद. मी विकल्यानंतरही त्यावर ठिपके चालूच होते, ते नेहमीचंच. पण कोपऱ्यात काकांच्या अक्षरात त्यांनी स्वतः घेतलेल्या शेअरची संख्या होती आणि पुढे लिहिलं होतं, 'गुडघा'. लाल रेघ तीनदा खाली सरकवलेली होती. काट नाही, तारीख नाही, सही नाही. पुसलेली. पहिल्या जागी कागदाच्या हिरव्या चौकटी फिक्या पडल्या होत्या. दुसऱ्या जागी पापुद्रा निघाला होता. तिसऱ्या जागी भोकच पडलं होतं. त्याच खणात मागे एक खोडरबर, झिजून वाटाण्याएवढा झालेला.

मला विकायला लावायला ते डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला आले होते. आणि त्याच दिवशी तोच शेअर स्वतः धरून बसले होते.

काकू काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या. कागद लपवायला मला वेळ मिळाला नाही.

"तो होय," त्या म्हणाल्या. "माझ्या ऑपरेशनचे पैसे होते ते. पुढच्या वर्षी करू म्हणाले. मग त्याच्या पुढच्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नापासून यांचे हात बघतेय. कधी बरबटलेले नव्हते. त्या दिवसांत रोज संध्याकाळी बोटं लाल दिसायची, लाल पेन्सिल पुसल्यासारखी. मी पाणी काढून द्यायचे, हे धुवायचे. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही."

काकूंनी कपाटातला डिव्हायडर काढून माझ्या हातात ठेवला. हा तू ने, म्हणाल्या. मी खोडरबर रद्दीच्या पिशवीत टाकायला गेले, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"तो राहू दे. तो मी नेते."

रद्दीवाला वेळेवर आला. गुंडाळ्या गेल्या. तो एक कागद काकूंनी वेगळा काढून ठेवला.

घरी येऊन मी माझा ग्राफ उघडला. हे पैसे लॅबच्या नव्या मशीनचे आहेत. जुनं मशीन बंद पडल्यापासून मी नमुने कल्याणला पाठवते आणि पेशंटना संध्याकाळी या म्हणून सांगते. आता तोट्यात विकलं, तर मशीन या वर्षी येत नाही. म्हणून शुक्रवारी रात्रीपासून मीही हिशोब जुळवत होते, की पहिली लाट इथून धरायचीच नाही, मागच्या गणपतीतल्या तळापासून धरायची. तसं धरलं की रेघ खाली जात होती आणि सगळं छान बसत होतं. कागदावर तशी नवी रेघ मी फिकी काढूनही ठेवली होती, तारखेशिवाय. तिच्यावर काट मारली. बाजूला तारीख घातली, सही केली. डिव्हायडरचा स्क्रू हलवून बघितला. हलत नाही.

सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्याबरोबर सगळे शेअर विकले. साडेनऊला लॅबचं शटर वर केलं. बाहेर तिघं उपाशीपोटी थांबले होते. त्यांचं रक्त काढलं, आणि रिपोर्टसाठी संध्याकाळी यायला सांगितलं.